उंदीर उसात जेवतो, राहतो बांधात

तोडीच्या टोळीतल्या बाईनं मला सरीतूनच हाक मारली. "ताई, इकडं या जरा. हे बघा." तिच्या हातातल्या उसाची बुडाकडची तीन कांडी कुरतडून पोकळ झाली होती. वर हिरवंगार वाढं, खाली नुसती सालीची नळी आणि आत तांबूस पडलेला गर. तिनं कोयत्यानं तेवढा तुकडा उडवला आणि उरलेला ऊस मोळीत टाकला. पुढचा ऊस तसाच निघाला, त्याच्या पुढचाही. बांधाकडच्या पाच-सहा सऱ्या अशा गेल्या. रानाच्या मधोमध गेल्यावर मात्र असा ऊस शोधावा लागत होता.

त्याआधी सात-आठ वर्षं मी उंदराचं औषध टाकत होते ते उसात. सगळ्या सऱ्यांना सारखं. त्या दिवशी मोकळ्या झालेल्या रानात उभी राहून बांधाकडं बघितलं, तेव्हा कळलं की माझं औषध, माझे कष्ट चुकीच्या जागी जात होते. उंदीर उसात जेवायला येतो. त्याचं घर बांधात असतं, पाटाच्या काठात असतं, विहिरीच्या मातीच्या ढिगात असतं. तिथून पुढं मी जे शिकले ते इथं लिहिते आहे. कुणाच्या तरी चार सऱ्या वाचाव्यात एवढ्यासाठी.

आमचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठापासून दीडेक किलोमीटर आत. साडेतीन एकर मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची काळी जमीन. दोन एकर ऊस, बाकीच्यात सोयाबीन, भुईमूग, नंतर हरभरा किंवा गहू. मामंजी गेल्यापासून रान मी बघते, घरचे सांगलीला नोकरीला असतात. त्यामुळं पुढं जे सांगते आहे ते सगळं एका बाईला, एका गड्याच्या मदतीनं जमण्यासारखं आहे.

आधी कुठलं जनावर ते ओळखायचं. गेल्या उन्हाळ्यात पुतण्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातलं हिरवं कुरण, त्यावर मातीचे ढीगच ढीग, आणि एक शेतकरी जमिनीत कात्रीसारखा लोखंडी सापळा पुरतोय. "काकी, हे मागवूया का आपण?" त्या जनावराला मोल म्हणतात. मखमलीसारखं काळं अंग, डोळे असून नसल्यासारखे, पुढचे पंजे फावड्यासारखे. ते उंदराच्या कुळातलं नाहीच. गांडुळं आणि मातीतले किडे खाऊन जगतं, आणि सगळी ये-जा जमिनीच्या पोटातूनच करतं, म्हणून सापळा बोगद्याच्या आत बसवावा लागतो. भारतात ते पूर्व हिमालयाच्या बाजूला आहे, आपल्याकडं नाही. आपल्या रानात मातीचे ढीग दिसले तर ते उंदराचे किंवा घुशीचे. आपला उंदीर रात्री बिळाबाहेर पडतो आणि जमिनीवरून ठरलेल्या वाटेनं पळतो. म्हणून आपला सापळा वाटेवर लागतो. ती कात्री आपल्या बांधात पुरून उपयोग नाही, पैसे वाया.

उसाला सगळ्यात जास्त त्रास देतो तो आखूड शेपटीचा, राठ केसांचा, काळपट उंदीर. हाताला लागेल तिथं पोखरतो, आणि डिवचला तर मागं न सरता गुरगुरतो. घूस त्याच्याच जातीची पण अंगानं बरीच मोठी, ती गावाकडेला, गोठ्याजवळ, उकिरड्यात, गोदामाच्या पायात. सोयाबीन-भुईमुगात मऊ केसांचा छोटा उंदीरही असतो, त्याची बिळं उथळ आणि साधी. पकडायची रीत तिघांनाही जवळपास सारखीच चालते.

चिचुंद्रीला मात्र मारू नका. लांब सोंडेसारखं नाक, बारीक डोळे, अंगाला उग्र वास, आणि भिंतीच्या कडेनं चिरचिर करत पळते ती. ती उंदीर नव्हे. मघाशी सांगितलेल्या मोलच्या जवळची म्हणायची तर आपल्याकडं हीच. ती झुरळं, किडे, अळ्या खाते. पिंजऱ्यात सापडली तर मी दार उघडून बांधावर सोडून देते.

आता बिळं वाचायची. उंदीर जमीन पोखरतो तेव्हा जी माती बाहेर टाकतो तिला आमच्याकडं उकीर म्हणतात. हा उकीर सगळं सांगतो. ताजा उकीर ओलसर, गडद रंगाचा, मोकळा असतो, हातात घेतला तर बारीक बारीक गोळ्या लागतात. जुना उकीर पावसानं दबलेला, वर गवत उगवलेलं. काळ्या उंदराची एक खोड आहे: आत असला की बिळाचं तोंड आतून मोकळ्या मातीनं बुजवून घेतो. म्हणून उघडं भोक दिसलं की त्यातच उंदीर आहे असं समजू नये. पुष्कळदा भोकाऐवजी नुसता ताज्या मातीचा ढीग दिसतो आणि उंदीर त्याच्या खालीच असतो. आणि बिळाचं तोंड घासून गुळगुळीत झालेलं असेल, उकीर नसेल, जवळपास सापाची कात पडलेली असेल, तर तिथं हात घालायचा नाही, काठीसुद्धा घालायची नाही. उंदराच्या मागं नाग आणि घोणस बिळात शिरतात. आमच्या गड्यानं एकदा कुदळीनं बीळ उघडलं आणि आतून फुत्कार आला, त्या दिवसापासून आम्ही दोघंही गुडघ्यापर्यंतचे गमबूट घातल्याशिवाय बांधाला हात लावत नाही.

चालू बीळ कुठलं, बंद कुठलं, हे कळायला एकच खात्रीची रीत आहे, आणि ती फुकट आहे. संध्याकाळी चारच्या पुढं रानाच्या चारी बाजूंनी फिरायचं. दिसेल ते प्रत्येक भोक, प्रत्येक ढीग पायानं दाबून बुजवायचं आणि शेजारी चुन्याची चिमूट टाकायची, म्हणजे सकाळी सापडतं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत परत तीच फेरी. जे उकरून उघडलं असेल ते चालू. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा ६३ बिळं बुजवली होती आणि सकाळी २२ उघडली होती. म्हणजे न बघता औषध टाकलं असतं तर बाकीच्या ४१ बिळांवरचे पैसे वाया गेले असते. एका उंदराच्या बिळाला चार-पाच तोंडं असतात हेही लक्षात ठेवायचं. २२ तोंडं म्हणजे २२ उंदीर नव्हेत.

एक बीळ आतून कसं असतं ते एकदा तरी बघावं, म्हणजे पुढचं सगळं नीट समजतं. फेब्रुवारीत, ऊस गेल्यावर, आम्ही पाटाच्या काठचं एक बीळ शेवटपर्यंत उकरलं. तोंडापासून वाट हातभर सरळ खाली गेली, मग वळून बांधाच्या लांबीनं आडवी झाली. रुंदी माझ्या मनगटाएवढी, आतली माती हात फिरवून सारवल्यासारखी गुळगुळीत. दीड हातावर पहिली कोठी लागली. त्यात सोयाबीनच्या शेंगा आणि दाणे, वर थोड्या भुईमुगाच्या शेंगा, एकही कुजलेली नाही, सगळ्या एका बाजूला लावून ठेवल्यासारख्या. घमेल्यात काढल्या तर दोन ओंजळीहून जास्त भरल्या. आमचं सोयाबीन चार महिन्यांपूर्वीच निघालं होतं. पुढं वाट फुटली, एक फाटा घरट्याकडं: उसाच्या पाचटाचे बोटभर लांबीचे उभे चिरलेले धागे, त्यांचा वाटीएवढा गोळा, आत गुलाबी, डोळे न उघडलेली सात पिल्लं. दुसरा फाटा वर चढत जाऊन जमिनीपासून चार बोटं खाली थांबलेला. तिथं वरती नुसता मातीचा पापुद्रा. ही त्याची पळवाट. समोरून कुणी आलं की हा पापुद्रा डोक्यानं फोडून तो बाहेर. मादी आमच्या समोरून तशीच निघून गेली आणि गडी कुदळ घेऊन बघतच राहिला.

मादीला तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेळी सहा-आठ, कधी त्याहून जास्त, आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः विणीला येतात. मे महिन्यात सोडलेली एक जोडी आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेला ऊस कमरेला लागेपर्यंत काय करून ठेवेल याचा हिशेब घरी बसून करावा.

माझा पहिला उपाय पिंजराच असतो. विषाची पाळी शेवटी येते, का ते पुढं सांगते. तारेचा पिंजरा घ्यावा, दार वरून पडणारं, आणि दाराची कडी हलक्या हातानं सुटते का ते घरीच दहा वेळा बघावं. गंजलेली कडी म्हणजे उंदराला फुकटचं जेवण. पिंजरा बिळाच्या तोंडापासून हातभर अंतरावर, त्याच्या वाटेवरच ठेवायचा. वाट ओळखायची तर बांधाच्या गवतात बोटभर रुंदीची दबलेली रेघ दिसते, तिच्यावर लेंड्या असतात. पिंजऱ्याचं तोंड बिळाकडं, वरून पाचट टाकून झाकायचा, तळाला मूठभर तिथलीच माती पसरायची म्हणजे पायाला तार लागत नाही.

पहिले दोन दिवस पिंजरा लावायचा पण दार बांधून ठेवायचं. हे कुणी करत नाही आणि म्हणून कुणाचे पिंजरे भरत नाहीत. उंदीर नवी वस्तू बघून बिचकतो. दोन रात्री त्याला आत जाऊन खाऊन सुखरूप बाहेर येऊ द्यावं, तिसऱ्या रात्री दार मोकळं करावं. आमिषाला मी भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा तारेला घट्ट बांधते, कारण सुटा ठेवला तर ओढून नेतात. कांदा भजीचा वास लांब जातो, पण रानात मुंग्या लागतात, त्यामुळं भजं घराजवळ, खोबरं रानात. भुईमुगाच्या हंगामात शेंगदाणा लावू नये, त्याला तो कंटाळलेला असतो.

पिंजरा सकाळी लवकर बघायचा. सापडलेला उंदीर पिंजऱ्यासकट पाण्याच्या पिंपात बुडवायचा आणि हातमोजे घालून खोल पुरायचा. दुसऱ्याच्या शिवारात नेऊन सोडू नये, तो कुणाच्या तरी उसात जाणारच. पिंजरा उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय परत लावत नाही. चाप लावला तर तो वाटेला आडवा, आमिषाची बाजू बिळाकडं. बोटं सांभाळा, लहान मुलं रानात येत असतील तर चाप नकोच. चिकट पुठ्ठे मी वापरत नाही. त्यावर सरडे, पाखरं, धामणीची पिल्लं चिकटून तडफडतात, आणि मोठा उंदीर पुठ्ठा ओढत निघून जातो.

तमिळनाडूत तंजावरकडं भातशेतीत बांबूची कमान करून दोरीचा सापळा लावतात, तंजावर धनुष्य म्हणून तो सगळीकडं माहीत आहे. बांबू वाकवून दोरी ताणायची, उंदरानं आमिष ओढलं की कमान सुटून मान आवळते. मी बुरुडाकडून तसे चार करून घेतले. चालतात, पण आपल्याकडच्या वाऱ्या-पावसात दोरी ओली झाली की कमान सुटत नाही. कोरड्या दिवसांतच लावते.

धुरीचा उपाय आमच्या मामंजींचा. फुटक्या मडक्यात वाळलेलं गवत आणि चार ओल्या मिरच्या, मडक्याचं तोंड बिळाला लावून मागून फुंकायचं. धूर कुठल्या कुठल्या भोकातून निघतो ते दिसतं, तेवढी भोकं बुजवून एकाला जाळी लावायची. यात पळवाटा सापडतात हा मोठा फायदा. भर उन्हात, वाळलेल्या पाचटाजवळ मात्र हे करू नये. एका ठिणगीनं चार एकर गेल्याचं आमच्या शिवारानं बघितलं आहे.

आता विष. तीन वर्षांपूर्वी मी ज्वारीच्या भरड्यात औषध कालवून कागदाच्या पुड्या बांधावर, बिळांच्या शेजारी ठेवल्या होत्या. आत ढकलल्या नव्हत्या, घाई होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या जाऊबाईंची शेळी त्या बांधावरून चरत गेली. संध्याकाळी गोठ्यात ती पोट फुगून पडली आणि रात्रीत गेली. गाभण होती. मी पैसे दिले, त्यांनी घेतले, आणि त्या विषयावर पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. मला आजही त्या बांधावरून जाताना ती शेळी आठवते. म्हणून हे सगळं वाचताना पुडी बिळात हातभर आत गेली पाहिजे आणि तोंड बुजलं पाहिजे, एवढं एक पक्कं डोक्यात ठेवा.

झिंक फॉस्फाइड ही काळपट राखाडी भुकटी, लसणासारखा वास येणारी. पोटात गेल्यावर तिच्यापासून विषारी वायू तयार होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. पण जो थोडंसं खाऊन वाचतो तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही, म्हणून आधी नुसतं आमिष देऊन सवय लावावी लागते. पहिल्या दिवशी बिळं बुजवायची. दुसऱ्या दिवशी उघडलेल्या प्रत्येक बिळात बिनविषारी आमिष, ज्वारीचा किंवा तांदळाचा भरडा, त्याला गोडेतेलाचा हात, बिळाला २० ग्रॅमच्या आसपास. चौथ्या दिवशी विषारी आमिष: ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल, २ भाग झिंक फॉस्फाइड. म्हणजे एक किलोला भरडा ९६० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, औषध २० ग्रॅम. आधी भरड्याला तेल चोळायचं, मग औषध, आणि काठीनंच ढवळायचं. पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, ओलाव्यानं वायू सुटायला लागतो. प्रत्येक चालू बिळात १० ग्रॅमची पुडी, काठीनं आत ढकलून, वर माती. पाचव्या दिवशी फिरून मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरायचे. कावळ्या-कुत्र्यांना सापडू द्यायचे नाहीत.

त्यानंतर आठवड्यानं परत बुजवाबुजवी करायची. तरी जी बिळं उघडतात तिथं झिंक फॉस्फाइड परत टाकू नये, ते हुशार झालेले असतात. तिथं ब्रोमॅडिओलोन. याच्या ०.००५ टक्क्यांच्या तयार वड्या मिळतात, बिळाला साधारण १५ ग्रॅम. यानं रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, त्यामुळं बाकीच्यांना संशय येत नाही. पण ते दिवस तो अर्धमेला फिरतो आणि घुबड, मांजर, धामण त्याला सहज पकडतात. विष तिथपर्यंत जातं. म्हणून मी हे मोजक्या बिळांनाच वापरते, सगळ्या रानाला नाही.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी गुपचूप देऊ केल्या तर घेऊ नका. दुकानदाराला त्या साध्या शेतकऱ्याला विकताच येत नाहीत, त्या परवानाधारक माणसांनीच, सरकारी देखरेखीखाली वापरायच्या. घरात ठेवलेल्या अशा गोळ्यांनी माणसं गेली आहेत.

विष कालवायला घरातलं भांडं, चमचा, वजनकाटा काही वापरायचा नाही. मी एक जुनं घमेलं आणि एक काठी त्यासाठीच ठेवली आहे, दोन्हीला लाल रंग लावला आहे आणि ती पंपघरात टांगलेली असतात. कुणाच्या पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, दूध-तेल काही पाजू नका, सरळ दवाखान्यात, आणि डबा सोबत न्या. ब्रोमॅडिओलोनवर डॉक्टरकडं के-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन असतं. झिंक फॉस्फाइडवर खास उतारा नाही, वेळेत पोचणं एवढंच हातात असतं.

हे सगळं एकट्यानं करून भागत नाही. पहिल्या वर्षी मी माझं रान साफ केलं आणि पंधरा दिवसांत पाटाच्या पलीकडून नवे आले. मग पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्यांना बोलावलं. शेजारचे तात्या म्हणाले, "वहिनी, माझ्या रानात उंदीरच नाहीत." मी त्यांना म्हटलं, "तात्या, आज सांजेला तुमचा बांध आपण दोघं बुजवू, सकाळी तुम्ही एकटे बघायला जा." सकाळी त्यांचाच फोन आला, १४ उघडली म्हणून. तेव्हापासून मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळीव पडून गेल्यावर, आम्ही आठ घरं एकाच संध्याकाळी सगळ्या शिवाराचे बांध बुजवतो आणि तीच पाच दिवसांची पद्धत एकत्र करतो. हे दिवस योग्य. रानात खायला फारसं नसतं, उंदीर आमिषाला येतो, आणि पेरणीच्या आधी संख्या खाली येते. जुलै-ऑगस्टात आडसालीची लागण झाली आणि ऊस वाढायला लागला की आत शिरताही येत नाही.

पुराचं एक सांगायला पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी आमच्या रानात उभं राहिलं. लोक म्हणाले, उंदीर तरी मेले. बिळातले मेले, पण जे वाचले ते पाण्याच्या पुढं पुढं सरकत रस्त्याच्या भरावावर, पाटाच्या उंच काठावर, कडब्याच्या गंजीत जाऊन बसले. पाणी ओसरलं, गाळ वाळला, की तिथूनच परत रानात उतरले. पुरानंतर रानात औषध टाकण्याआधी या उंच जागा तपासाव्यात. सगळे एका जागी गोळा झालेले असतात, पिंजऱ्याला यापेक्षा चांगली वेळ नाही. चिखलात अनवाणी मात्र फिरू नये. उंदराच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या भेगेतून अंगात शिरतात. पुरानंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना रानात चिखलात काम केल्याचं आधी सांगावं.

शहरात किती बांधायचं ते चटईक्षेत्र निर्देशांक ठरवतो, उंदराला ते बांधाची रुंदी ठरवते म्हणा ना. आमचा एक बांध पूर्वी तीन हात रुंद होता, घाणेरीनं भरलेला. तो मोजणी करून दोघांच्या संमतीनं तासून दीड हाताचा केला, गवत वर्षातून दोनदा कापतो, आणि तिथली बिळं जवळपास संपली. रुंदच नाही तर कोठी कुठं करणार तो? उन्हाळ्यात नांगरट खोल केली की रानातली उथळ घरटी तशीच मोडतात.

पाचटाचा प्रश्न जरा नाजूक आहे. पाचट जाळू नये, हे मी आधी म्हणते. जमिनीचा सेंद्रिय कर्ब राखायचा तर पाचट सरीत कुजलंच पाहिजे. पण पाचटाखाली उंदराला सावली मिळते. म्हणून मी सगळ्या रानात कुट्टी करून पसरते आणि बांधालगतच्या दोन सऱ्या मोकळ्या ठेवते. बांधातून निघालेल्या उंदराला उघड्या जागेतून जावं लागतं आणि तिथं त्याला वरून बघणारे असतात. त्यासाठी रानात आठ-दहा ठिकाणी ऊसभर उंचीचे टी आकाराचे बांबू रोवलेत. दिवसा कोतवाल, खंड्या बसतात, रात्री पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड. बांबूखाली त्यानं ओकलेल्या केसांच्या आणि हाडांच्या गोळ्या सापडतात. पुतण्यानं एक गोळी पाण्यात भिजवून सोडवली, तर आत उंदराच्या दोन कवट्या निघाल्या. धामणीलाही आमच्या रानात कुणी मारत नाही. नागपंचमीसाठी ओळखलं जाणारं शिराळा आमच्यापासून लांब नाही, नागपंचमीला आम्ही जमीन उकरत नाही, मग उरलेल्या दिवसांत उंदरांपासून रानाची राखण करणाऱ्या जनावराला काठी घालण्यात काय अर्थ आहे?

ऊस लोळला की नुकसान दुप्पट होतं, उंदराला वर चढायचीही गरज राहत नाही. मोठी बांधणी (उसाच्या बुडाला माती चढवणं) वेळेत करणं आणि पावसाळ्याच्या तोंडाला युरियाचा हात आवरणं, एवढं तरी आपल्या हातात आहे. ठिबकच्या नळ्यांचं म्हणाल तर उन्हाळ्यात, ओळीनं दोन-तीन दिवस पाणी बंद असलं की जास्त कुरतडतात. त्या दिवसांत बांधाकडं जुन्या मातीच्या ताटल्यांत पाणी ठेवायला लागल्यापासून आमच्या नळ्यांना भोकं कमी पडतात.

तोडणीच्या वेळची एक संधी सोडू नका. टोळी कडेनं आत तोडत आली की उंदीर उभ्या उसात मागं सरकत जातात आणि शेवटच्या चार-पाच सऱ्यांत गोळा होतात. ती पट्टी तोडायच्या आधी मुकादमाला सांगून तासभर थांबवते. बांधाकडच्या बाजूला जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा उभा करायचा, कुत्री दोन बाजूंनी, आणि मग तोडायला सुरुवात. मागच्या डिसेंबरात त्या एका तासात १७ मिळाले. पट्टी न थांबवता तोडली असती तर तेच सतरा रात्रीत तात्यांच्या गव्हात गेले असते.

या वर्षीच्या मेमध्ये आठ घरांच्या फेरीनंतर माझ्या बांधांवर शेवटी सहा बिळं राहिली. सहाही कडब्याच्या गंजीखाली. गंज जमिनीवरच रचलेली होती, वर्षानुवर्षं तिथंच. ती हलवली तर खालची माती चाळणीसारखी. आता दगडी खांबांवर फळ्या टाकून गंज हातभर वर रचली आहे, खालून झाडून काढता येईल अशी, आणि मांजर तिथंच झोपतं. पुढची बुजवाबुजवी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, सोयाबीन काढायच्या तोंडाला. चुना आणून ठेवला आहे.